विचाराधीन चिमटा

आमचे साहेब कधी 'हो' म्हणाले नाहीत. 'नाही' म्हणायचा तर प्रश्नच नव्हता. चहात साखर किती घालू, असं काकूंनी विचारलं तरी ते चष्मा काढून पुसायचे, परत लावायचे, कपाकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघू या." काकूंच्या संसाराला तीस वर्षं झाली होती. तोपर्यंत त्या एक चमचा घालून, ढवळून मोकळ्या झालेल्या असायच्या. दिल्लीच्या ज्या भल्यामोठ्या सरकारी इमारतीत आम्ही नोकरी करायचो, तिथे निर्णय न घेणं हे काही विशेष कर्तृत्व समजलं जात नव्हतं. तिथेसुद्धा लोकांनी त्यांना 'विचाराधीनजी' असं नाव ठेवलं होतं. यावरून त्यांची योग्यता लक्षात यावी.

मी बार्शीहून परीक्षा देऊन असिस्टंट म्हणून दिल्लीत आले आणि त्यांच्या सेक्शनमध्ये रुजू झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कागदावरचं नाव वाचलं, "तांबोळी? मराठी? अच्छा, अच्छा," असं म्हणाले आणि एका दमात पुढे म्हणाले, "रविवारी घरी जेवायला या." इतकं ठाम वाक्य बोलणारा साहेब मिळाला म्हणून मी खूश झाले. ते वाक्य काकूंनी सकाळी डब्याबरोबर पाठ करून दिलं होतं, हे मला रविवारी कळलं. वर्किंग वूमन्स होस्टेलच्या राजम्याला मी इतकी विटले होते की पुढचा प्रत्येक रविवार मी आर. के. पुरममधल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढला. काकू मला नसीम म्हणायच्या, साहेब मात्र रविवारीसुद्धा तांबोळीच म्हणायचे.

साहेबांच्या खिशात दोन वस्तू कायम असायच्या, एक टोक केलेली पेन्सिल आणि एक खोडरबर. शाईचं पेनही होतं, पण ते सहीपुरतं, आणि सही म्हणजे चिरडलेल्या मुंगीएवढी दोन अक्षरं. खरं मत ते समासात पेन्सिलीने लिहायचे, तेही इतकं फिकट की कागद खिडकीशी न्यावा लागे. वरून विचारणा झालीच तर खोडरबर होतंच. मी नवी होते. पहिल्या आठवड्यात एका टिप्पणीची स्वच्छ प्रत काढताना मी समासातला शेराही इमानेइतबारे मजकुरात घातला. 'हा प्रस्ताव निरर्थक वाटतो' असा तो शेरा होता, आणि प्रस्ताव निघाला खुद्द डेप्युटी सेक्रेटरींचा. साहेब त्यांच्या खोलीतून अर्ध्या तासाने बाहेर आले. मला रागावले नाहीत. माझ्या टेबलापाशी उभं राहून हळूच म्हणाले, "तांबोळी, पेन्सिलीतलं उतरवायचं नसतं. पेन्सिल म्हणजे आपण मनात बोलतो ना, तसं आहे ते." मी कानाला खडा लावला. त्यानंतर पेन्सिलीतलं एक अक्षर माझ्या हातून प्रतीत गेलं नाही. या आज्ञाधारकपणाने पुढे जे झालं तेच सांगायला बसले आहे.

फाइल ही त्यांच्या लेखी काही फक्त ऑफिसची गोष्ट नव्हती. घरातही फायली होत्या, आणि त्या मराठीत चालायच्या. फिकट पिवळं कव्हर, लाल नाडी, पहिल्या पानावर विषय. मिक्सरची फाइल चार वर्षं चालली. शेवटी काकूंच्या भावाने दिवाळीला येताना मिक्सरच आणला, तेव्हा साहेबांनी 'विषय निकाली निघाल्याने फाइल बंद' असं लिहून नाडी बांधली आणि पुढे बरेच दिवस खुशीत होते. घरच्या फायलीत प्रत्येकाने आपलं मत लिहून खाली सही करायची, असा नियम होता. त्यांचा मुलगा प्रसाद शाळेत असल्यापासून सह्या करत होता. काकूंनी मात्र एकदाही केली नाही. "मी बोलून सांगितलंय," म्हणायच्या.

खरं तर जुना काळ साहेबांना फार मानवला होता. स्कूटर हवी तर नंबर लावा, फोन हवा तर नंबर लावा, गॅस हवा तर नंबर लावा. निवडायची पाळीच यायची नाही. वस्तू सरकार ठरवायचं आणि उशीरही सरकारच करायचं, माणसाने फक्त वाट बघायची. त्यात साहेबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग बाजार उघडला. टीव्हीवर पन्नास वाहिन्या आल्या, दुकानात परदेशी साबण आले, सरकारी कॉलनीत मारुती गाड्या आल्या. एकदा कॉलनीच्या दुकानात टूथपेस्ट घ्यायला गेलेले साहेब रिकाम्या हाताने परत आले. "सात प्रकार आहेत," ते खुर्चीत बसत म्हणाले. "दात तेच आहेत ना पण?" तो आठवडा त्यांनी मिठाने दात घासले.

अशा माणसाकडे रेसिंगची सायकल होती, हे ऐकून कोणाचाही विश्वास बसायचा नाही. चाणक्यपुरीतला कोणी परदेशी अधिकारी मायदेशी जाताना ती त्यांच्या गळ्यात घालून गेला होता. म्हणजे ती मिळवतानाही साहेबांनी काही ठरवलेलं नव्हतं. खाली वळलेलं हँडल, बोटाएवढे टायर, उचलली तर एका हातात यावी इतकी हलकी. सफारी सूट घालून, पँटच्या पायांना क्लिपा लावून ते तिच्यावर बसले की वेगळेच होत. इंडिया गेटच्या चक्रात बस, रिक्षा, अँबॅसिडर यांच्यामधून ते अशी वाट काढायचे की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कोणाच्या पुढे जायचं, सगळं क्षणात ठरायचं. एकदा मी बसच्या खिडकीतून त्यांना पाहिलं आणि आधी ओळखलंच नाही. ऑफिसच्या दारात सायकलला कुलूप लावलं की पुन्हा आमचे साहेब.

आणि वर्षातून एकदा, संक्रांतीला, ते सायकलने पानिपतला जायचे. नव्वदेक किलोमीटर जी. टी. रोडने, पहाटे निघायचं, काला अंबला पोहोचायचं, तिथल्या लढाईच्या स्मारकापुढे थोडा वेळ उभं राहायचं, रात्री गावात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. दिल्लीतल्या प्रत्येक मराठी माणसाचा कोणी ना कोणी पूर्वज पानिपतावर पडलेला असतो, आणि तो जेवणाच्या पंगतीत हमखास वर येतो. साहेबांनी असा पूर्वज कधी सांगितला नाही. "मग कशाला जाता?" मी एकदा विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. "दोन महिने नुसते बसून राहिले हो तिथे. अन्न संपलं तरी ठरेना. उशीर कसा होतो, ते वर्षातून एकदा डोळ्यांनी बघून यावं." हे बोलून त्यांनी समोरचा तिळगूळ घ्यावा की वडी घ्यावी याचा विचार सुरू केला.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा घरात एकच विषय होता. क्वार्टर सोडायचं आणि जायचं कुठे? प्रसादला गुडगावात परदेशी कंपनीत नोकरी लागली होती. मोहरीच्या शेतातून तिथे टॉवर उगवत होते, त्यांतल्या एकात आठव्या मजल्यावर त्याने फ्लॅट घेतला होता. आईबाबांनी तिथेच राहावं असं त्याला मनापासून वाटायचं. एक खोली वाढवायची तर मधली भिंत कुठे घालायची हे बिल्डरला जानेवारीअखेर सांगायचं होतं. काकूंना वाईला जायचं होतं. घाटाजवळचं माहेरचं दोन खोल्यांचं घर त्यांच्या वाट्याला आलं होतं आणि तीस वर्षं त्या दिल्लीत 'दोन वर्षांत बदली होईल' या आशेवर राहिल्या होत्या. भांडण नव्हतं. दोघंही साहेबांकडे बघत होते. साहेबांनी फाइल उघडली, दोन्ही बाजू मांडल्या आणि शेवटी लिहिलं, 'पानिपतहून आल्यावर ठरवू.'

डिसेंबरात एका रविवारी ते प्रसादची इमारत बघायला सायकलने गुडगावला गेले. तिथल्या नव्याकोऱ्या रस्त्यावर कोणीतरी केबलसाठी आडवा चर खणून ठेवला होता. दुपारी ते टेम्पोतून परत आले. कोपर सोललेलं, सायकल शेजारी. "रस्ताही अजून विचाराधीनच आहे तिकडे," एवढं म्हणाले. सायकलचा चिमटा मागे दुमडला होता. ज्यांनी सायकल कधी उलटी करून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: पुढचं चाक धरणारे दोन पाय आणि त्यांच्यावर उभी असलेली एक नळी, हा चिमटा. ती नळी सायकलच्या सांगाड्यातल्या पुढच्या पाइपमधून वर निघते, वर नटाने आवळतात, आणि तिच्यात हँडल बसतं. पाइपच्या वर आणि खाली एकेक वाटी असते, त्यांत छर्रे फिरतात, म्हणून हँडल वळतं. चिमटा गेला की सायकल गेली.

काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "नसीम, चिमटा नाही म्हणजे पानिपत नाही. पानिपत नाही म्हणजे ते ठरवणार नाहीत. आणि त्यांनी नाही ठरवलं तर भिंत घातली जाईल आणि मी आठव्या मजल्यावर जाऊन बसेन." त्या पोळी लाटायच्या थांबल्या. "तो चिमटा बसव गं बाई काहीही करून. माझं सगळं त्या चिमट्यावर अडकलंय." त्या असं काकुळतीने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी शब्द दिला.

आम्ही झंडेवालानच्या सायकल बाजारात गेलो. पाच वर्षांपूर्वी तिथे एकाच जातीचा चिमटा मिळायचा, काळ्या दणकट सायकलचा, आणि साहेबांना तो चाललाच नसता, म्हणजे प्रश्नच मिटला असता. आता दुकानदाराने काउंटरवर चार मांडले. एक जाड नळीचा, एक बिनआट्यांचा, एक स्प्रिंगवाला, आणि एक चकचकीत पोलादी, आपल्या सायकलसारखाच बारीक. "अब तो सब आता है साहब जी, आप हुकुम करो," दुकानदार म्हणाला. मला सायकलमधलं काही कळत नाही, पण चौथा घ्यायचा हे मलाही दिसत होतं. साहेबांनी प्रत्येक चिमटा उचलून डोळ्यांसमोर धरला. नळीची जाडी, आटे, पायांचा पुढचा बाक, ब्रेकची पट्टी चाकाच्या कडेला पोहोचेल का, सगळं वहीत टिपलं, पेन्सिलीने. "विचार करके बताते हैं," म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर मिक्सरच्या वेळचं तेज होतं.

फाइल उघडली गेली. 'विषय: सायकलचा पुढील चिमटा बदलणे, निवड व बसवणी.' पहिली दोन पानं चार चिमट्यांच्या तुलनेत गेली आणि नवल म्हणजे निवड चौथ्याचीच झाली. अर्थात वाक्य असं होतं: 'क्रमांक चारचा विचार करण्यास हरकत नसावी.' मी लगेच जाऊन तो घेऊन आले. दुकानदार म्हणाला तो एकच नग होता. त्याची नळी लांब होती, आपल्या मापाला कापून घ्यायची होती. कॉलनीच्या मार्केटमागे रामकिशन मिस्त्री बसायचा. त्याने सायकल खोलली, खड्डे पडलेल्या जुन्या वाट्या ठोकून काढल्या आणि म्हणाला, "पुराना चिमटा दे दो साहब जी, उसी के बराबर काट दूँगा. पाँच मिनट का काम है."

"वो तो रिकॉर्ड पर है," साहेब म्हणाले.

खरंच होता. जुना चिमटा वर्तमानपत्रात गुंडाळून, चिठ्ठी लावून, फायलीचं जोडपत्र म्हणून गोदरेजच्या कपाटात गेला होता. शिवाय साहेबांचं म्हणणं असं, की वाकलेल्या वस्तूचं माप अधिकृत धरता येत नाही. त्यांनी सायकलच्या पाइपचं माप घेतलं आणि पान तीनवर शाईने लिहिलं, एकशे पन्नास मिलिमीटर. पाइप तेव्हा नुसता होता, वाट्या निघालेल्या होत्या. हे साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. ते फार बारकाईने बघणारे होते. त्यांनी समासात लिहिलं, '+ वाट्या ३५'. पेन्सिलीने.

मिस्त्रीला द्यायची प्रत मी काढली. समासातला शेरा मला दिसला होता. तो उतरवायचा नसतो हे मला ठाऊक होतं. कायम शाईने लिहिणारा साहेब असता तर माझ्या मनात शंका तरी आली असती. इथे शंकाही आली नाही. प्रतीखाली 'मापे ताडून पाहिली' असं लिहून मी सही केली, आणि ताडून पाहिलीही होती, मूळ कागदावरचा एकशे पन्नास आणि प्रतीवरचा एकशे पन्नास. सायकलपाशी जाऊन टेप लावायची असते हे बारा महिन्यांच्या सरकारी नोकरीने मी पूर्ण विसरले होते. मग फाइल शेजारच्या भिड्यांकडे गेली. भिडे एका खात्यात पूल तपासायचे. त्यांनी माझी सही पाहिली आणि खाली लिहिलं, 'सहमत'. त्या दिवसानंतर मी पुलावरून जाते तेव्हा जरा भरभर जाते. भिड्यांची सही पाहून साहेबांनी आपली मुंगी काढली. मिस्त्रीने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "छोटा तो लग रहा है," तो पुटपुटला, "पर तीन-तीन अफ़सरों के दस्तख़त हैं." आणि त्याने करवत लावली.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी दुपारी सायकल क्वार्टरसमोरच्या हिरवळीवर उलटी ठेवली होती. काकूंनी सगळ्यांना चहा आणला होता. मिस्त्रीने नव्या वाट्या ठोकल्या, चिमट्याच्या बुडाशी कडं बसवलं, ग्रीस लावून छर्रे एकेक करून ठेवले. काम फार सुबक चाललं होतं. सायकल सरळ केली, खालून चिमटा पाइपमध्ये सरकवला आणि आम्ही सगळे वरून बघत राहिलो. नळी वर आलीच नाही. वरच्या वाटीच्या खूप आत तिचं तोंड थांबलं होतं. विहिरीत पडलेला तांब्या बघावा तसे साहेब, भिडे, मिस्त्री आणि मी त्या भोकात वाकून बघत होतो. नट आवळायला काही नव्हतं. मिस्त्रीने चिठ्ठी खिशातून काढून साहेबांच्या हातात दिली आणि तो पाने-पकड गोळा करायला लागला. भिडे म्हणाले, "मी म्हणत होतोच," पण काय म्हणत होते ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांना घरी काम आठवलं.

काकू कपबश्या उचलून आत गेल्या. मला रडू आलं. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, शेरा मला दिसला होता. मी उतरवला नाही."

"बरोबरच केलंत," ते म्हणाले. "तसंच सांगितलं होतं तुम्हाला."

ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. फाइल मांडीवर घेतली, पान तीन काढलं, खिशातून खोडरबर काढून कागदावर ठेवलं. मला कळलं ते काय करणार. समास पुसला की वाट्या त्यांना ठाऊक होत्या याचा पुरावा जातो, पानावर एकशे पन्नास उरतो, आणि प्रतीखाली मापं ताडून पाहणारी मी आणि सहमत असलेले भिडे. विचाराधीनजींच्या अंगाला काही लागत नाही. अशा प्रकारे त्यांची छत्तीस वर्षं निष्कलंक गेली होती. मला राग आला नाही, फक्त वाईट वाटलं, आणि मी दुसरीकडे बघायला लागले.

मग त्यांचा आवाज आला, "दोन महिने बसून राहिले ना ते. मला वाटायचं, मी दरवर्षी तिकडे जाऊन बघतो म्हणजे मला कळलंय." त्यांनी हिरवळीवरच्या सायकलकडे पाहिलं. "यंदा घरीच बघून झालं."

त्यांनी खोडरबर खिशात ठेवलं आणि शाईचं पेन उघडलं. लिहायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. इंडिया गेटच्या चक्रात ते जसे वळायचे, तसे. पान माझ्याकडे न देता ते स्वतः उठून स्वयंपाकघरात गेले. मी मागे गेले. काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाचे हात मागे धरून, मान पुढे काढून वाचलं. लिहिलं होतं:

'पान ३ वरील माप अपुरे होते. वाट्यांची उंची मिळवावी हा शेरा मी पेन्सिलीने लिहिला. तो शाईने लिहायला हवा होता. कु. तांबोळी यांनी सांगितल्याप्रमाणेच प्रत काढली. चूक माझी. पानिपतला जायचे नाही. वाईला जायचे.'

खाली मुंगी नव्हती. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, अशी पूर्ण सही होती. मी त्यांचं पूर्ण नाव प्रथमच वाचलं.

काकूंनी हात पुसले नाहीत. उजव्या हाताचं एक बोट पाण्याच्या तांब्यात बुडवलं आणि शेवटच्या ओळीवरून हळूच फिरवलं. 'वाईला' या शब्दावर निळा डाग पसरला. शब्द पुसला गेला नाही. काकूंनी बोटाला लागलेली शाई पाहिली, मग साहेबांकडे पाहिलं. "मी प्रसादला फोन लावते," त्या म्हणाल्या. तो फोन अर्धा तास चालला. प्रसाद आधी चिडला, मग म्हणाला की भिंत नकाशात आहे तिथेच राहू दे. वाईहून त्याच्याकडे येणं-जाणं आईबाबांनी विमानानेच करायचं, एवढी एक अट त्याने घातली. त्या अटीची फाइल कधी उघडली गेली नाही.

मे महिन्यात ते निघाले. सायकल बिनचिमट्याची, ताडपत्रीत गुंडाळून सामानाच्या डब्यात गेली. निजामुद्दीन स्टेशनवर मी त्यांना विचारलं, "साहेब, खिडकीत बसता का?" त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आतल्या जागेकडे पाहिलं. "बघू या," म्हणाले. काकू खिडकीत जाऊन बसल्याही होत्या. गाडी हलताना साहेबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. तो तोकडा कापलेला नवा चिमटा होता. "तुमच्याकडे राहू दे, तांबोळी," म्हणाले.

पुढे मी एकदा वाईला गेले. व्हरांड्यात सायकल भिंतीला टांगलेली होती. "पुण्यात आता सगळं मिळतं, साहेब. चिमटा आणून देऊ?" मी विचारलं. "विचाराधीन आहे," ते म्हणाले, आणि फारच आनंदी दिसले. त्यांनी सकाळी बाजारात वांगी घ्यावीत की गवार याचा विचार करत एक तास काढला होता आणि दोन्ही न घेता परत आले होते. वाईला येऊन माणूस बदलला असं मला काकूंच्या तोंडून ऐकायचं होतं. काकू हसल्या. "छे गं. आयुष्यात एकदाच ठरवलं त्यांनी, नसीम. पण मला पुरलं."

ते गेल्याचं काकूंनी पत्राने कळवलं, आणि काही महिन्यांनी लाल नाडीचं पाकीट आलं. सोबत दोन ओळी होत्या: 'बाकीच्या फायली बंबात घातल्या. ही तुझ्याकडे असावी.' मी आता गुरुग्राममध्येच राहते, प्रसादपासून दोन सोसायट्या पलीकडे, अकराव्या मजल्यावर. तोकडा चिमटा माझ्या गॅलरीत मोगऱ्याच्या कुंडीत उलटा रोवलेला आहे. माझ्या सगळ्या नोकरीत मी पेन्सिल वापरली नाही, आणि त्यामुळे मला बढत्याही बेताच्याच मिळाल्या. साहेब असते तर या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही, यावर त्यांनी एक पान लिहिलं असतं.

संक्रांतीला मी ती फाइल उघडते. शेवटच्या पानावर काकूंच्या बोटाचा निळा डाग आहे. त्याखालचं 'वाईला' नीट वाचता येतं. मग मी मागे जाऊन पान तीन काढते आणि खिडकीशी नेते. साहेबांनी तिथला शेरा शाईने गिरवला नाही आणि खोडलाही नाही. समासात, इतक्या वर्षांनंतर, फिकट पेन्सिलीत अजून आहे: '+ वाट्या ३५'.